सरकारदरबारी बायको, घरात पेइंग गेस्ट

मी आयर्लंडला एमएस करायला आले आणि मला एमएसच झाला. हा विनोद माझा स्वतःचा आहे, त्यामुळे हसायला हरकत नाही. आमच्या पुण्याकडे परदेशात जाऊन केलेल्या कुठल्याही पदवीला एमएसच म्हणतात. दुसरा एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंवरचं आवरण खराब करत जाणारा आजार. पहिला लिमरिकच्या विद्यापीठात केला, दुसरा तिथल्याच इस्पितळात कळला. मधल्या काळात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली, कायमचं राहायची परवानगी मिळवली, आणि एक दिवस जिना उतरताना डावा पाय मला न विचारता वळला. मग काठी आली. मग दुपारी दोननंतर अंगातला जीव कोणीतरी काढून घ्यावा तसा थकवा यायला लागला, आणि नोकरी गेली.

नोकरीची वर्षं थोडक्यासाठी कमी पडल्यामुळे मला पेन्शन मिळेना. मिळाला तो डिसॅबिलिटी अलाउन्स. हा पगारातून कापलेल्या पैशांवर मिळत नाही; ज्याला आजारामुळे काम करता येत नाही आणि ज्याच्याकडे दुसरं फारसं उत्पन्न नाही, त्याला सरकार दर आठवड्याला देतं. पुण्याला फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सरकार तुला पोसतंय का गं?” तिला वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. पण पहिल्या बुधवारी पोस्टात रांगेत उभी राहिले, पुढे एक म्हातारे गृहस्थ, मागे लेकराला कडेवर घेतलेली बाई, आणि खिडकीतली बाई मला “यू आर ग्रँड, लव्ह” म्हणून, इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात, नोटा सरकवून मोकळी. तिथे कोणी मला पोसत नव्हतं. माझ्या नावावर पैसे होते आणि मी ते घेऊन सरळ दुकानात गेले आणि कोथिंबीर घेतली, जी तेव्हा मला चैन वाटायची.

त्याबरोबर प्रवासाचा पासही मिळाला. बस, ट्रेन सगळं फुकट. पाय साथ देत नसलेल्या माणसाच्या हातात फुकट प्रवासाचा पास असणं ही गंमत तेव्हा कळली नाही, पण त्या पासावर मी अर्धं आयर्लंड पाहिलं. नुसती बसून राहायचे आणि खिडकीतून गाई बघायचे. कोणाला सांगायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या पैशांपेक्षा आणि पासापेक्षा मला ते न विचारणंच जास्त प्यारं होतं.

तो मला गणपतीच्या कार्यक्रमात भेटला. डब्लिनच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, आणि आरतीला सगळे उभे असताना मी एकटीच खुर्चीवर बसले होते. तो शेजारी येऊन खाली जमिनीवर बसला. नंतर म्हणाला, “तू एकटी बसलेली बरी दिसत नव्हतीस.” कोल्हापूरच्या बाजूचा, सॉफ्टवेअरमधलाच, डब्लिनजवळच्या नास गावात घर घेतलेला आणि कामाला रोज डब्लिनला जाणारा. बोलताना ‘यार’ आणि ‘मतलब’ पेरायचा, हिंदी सिनेमा बघत वाढलेल्या सगळ्यांसारखा. पुढच्या भेटीपर्यंत माझ्या आजाराची माहिती त्याने स्वतः शोधून वाचली होती, आणि मला समजावून सांगायला लागला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढची दोन वर्षं तो दर शनिवारी नासहून लिमरिकला गाडी चालवत यायचा. माझ्या फ्लॅटमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात त्यात, त्याने स्वतःच्या हाताने खालच्या फळीवर डबे आणून लावले, मला वरती हात न्यावा लागू नये म्हणून. माणसाच्या अशा गोष्टींवर बाई भुलते. मीही भुलले, आणि त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. डबे खरेच होते.

मग तो म्हणाला, “इकडे ये राहायला. दोन दोन घरं कशाला चालवायची?”

मी म्हटलं, अलाउन्सचं बघावं लागेल.

“अगं, आपल्यात तुझं-माझं कसलं?” तो म्हणाला.

हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी फार गोड लागतं. जेवताना, बिल भरताना, भाऊ भावाला म्हणतो तेव्हा. पण ते कोण म्हणतं ते बघायचं असतं. ज्याच्याकडे ‘माझं’ भरपूर असतं तोच म्हणतो, आणि त्यात जातं ते ‘तुझं’. हे शहाणपण मला आता आलं आहे.

लिमरिकमध्ये एक माहिती केंद्र आहे, तिथे मोफत सल्ला मिळतो. टेबलापलीकडे एक पिकल्या केसांची बाई होती, गळ्यात चष्म्याची साखळी. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही जोडपं म्हणून एका घरात राहायला लागलात की सरकारच्या भाषेत तुम्ही ‘कोहॅबिटिंग’. लग्न झालेलं असो वा नसो. मग त्याचा पगार तुझ्या खात्यात मोजला जाणार. त्याचा पगार ऐकून ती म्हणाली, तुझा अलाउन्स पूर्ण जाईल. पासही.

“पण मग त्याला टॅक्समध्ये तरी काही सूट?” मी विचारलं. नवरा-बायकोला इथे मिळते, म्हणून विचारलं.

“नाही. टॅक्ससाठी तुम्ही दोघं वेगळी माणसं.”

मला हसू आलं. कर भरायच्या वेळी परके आणि भत्ता कापायच्या वेळी एकजीव. तीही हसली, पण तिचं हसू वेगळं होतं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “त्याच्यावर विश्वास आहे ना तुझा? कारण याच्यानंतर तुझ्याकडे तोच असेल.” ही गोष्ट ती सल्ला म्हणून सांगत नव्हती. तिने ती बऱ्याच बायकांना सांगितलेली असावी.

ड्रोहेडाला माझी एक मैत्रीण आहे, नर्स, नागपूरची. ती फोनवर सरळ म्हणाली, “बावळट आहेस का? भाडेकरू आहे म्हणून सांग. घरात खोल्या आहेत ना तीन? सगळे असंच करतात.” सगळे करतात की नाही मला माहीत नाही. मला ते करायचं नव्हतं. कायद्याची भीती हे एक कारण. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं लग्न झालेलं नव्हतं, अंगठी नव्हती, त्याच्या घरी अजून सांगायचं होतं. आम्ही दोघं एकमेकांचे आहोत असं म्हणणारं जगात काहीच नव्हतं. सरकार तरी म्हणेल, असं मला वाटलं. त्यासाठी मी माझा अलाउन्स द्यायला तयार झाले. हुंडाच म्हणा ना. आमच्या घराण्यात हुंडा दिला-घेतला नाही असं आई अभिमानाने सांगते.

आणि हे लक्षात घ्या, तोही म्हणाला, “खरं ते सांग. मी आहे ना.” त्याने स्वतःच्या पगाराची कागदपत्रं दिली, जिथे सही करायची तिथे केली. जोडीदार म्हणून. अगदी हसत केली.

नासचं घर छान होतं. मागे छोटं अंगण, समोर तशाच वीस घरांची रांग. पहिले काही महिने मी सुखात होते हे कबूल करते. त्याने जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला होता, त्याच्या नावाच्या कार्डाला जोडलेलं दुसरं कार्ड मला दिलं होतं. औषधांचा खर्च सरकारच करत होतं, ते कोहॅबिटिंगमुळे थांबलं नाही.

मग हळूहळू कळायला लागलं की पाय गेला तर काठी घेता येते, पण स्वतःचे पैसे गेले की घ्यायला काही नसतं. त्याने कधी नाही म्हटलं नाही. फक्त त्याच्या फोनवर प्रत्येक खर्चाचा मेसेज वाजायचा, आणि संध्याकाळी तो सहज विचारायचा, “आज केस कापलेस का?” कापलेले असायचे. “छान दिसतायत,” तो म्हणायचा. एवढंच. त्यात भांडायला काहीच नव्हतं, आणि तरी मी केस कापायचे बंद केले. बसला पैसे पडायला लागले तसं बाहेर जाणंही कमी झालं. त्याची गाडी होती, तो नेईल तेव्हा जायचं. लिमरिकच्या जुन्या कंपनीतली एक मैत्रीण बोलवायची, मी दमले आहे म्हणून सांगायचे. एमएसचा एक फायदा असा की ‘दमले’ म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

आईच्या साठीला तिला साडी पाठवायची होती. त्याला विचारावं लागलं. तो म्हणाला, “विचारतेस काय, घे ना.” पण विचारल्याशिवाय घेतली असती तर? ते मी करून पाहिलं नाही. बाईला पाहून पाहून समजतं कुठल्या दाराला कडी आहे.

असं दीडेक वर्ष गेलं. मग त्याचे आईवडील उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी यायचे ठरले.

मी फार खूश झाले. हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल, पण मला वाटलं आता होईल. आता तो त्यांना सांगेल, किंवा सांगितलंच असेल म्हणून ते येताहेत. मी त्यांच्यासाठी घरभर पाट्या लावल्या, गरम पाण्याचा नळ कुठला, अलार्म कसा बंद करायचा. ते यायच्या आदल्या शनिवारी तो म्हणाला, “तू जरा छोट्या खोलीत शिफ्ट होशील का? मतलब, फक्त तीन महिने. एकदम एका खोलीत बघून त्यांना शॉक बसेल यार.”

मला हे पटलं. आमच्याही घरी पटलं असतं. लग्नाआधी एका खोलीत, तेही आईवडिलांच्या डोळ्यांसमोर, हे माझ्या आईलाही चाललं नसतं, जरी तिला मी सगळं खरं सांगितलं होतं आणि ती दर फोनला “लग्नाचं काय?” विचारायची. म्हणून मी माझे कपडे, औषधं, उशी, सगळं जिन्याजवळच्या त्या छोट्या खोलीत हलवलं. त्याने पलंग उचलायला मदत केली.

त्याची आई मला पहिल्याच दिवशी आवडली. जाडजूड, हसरी, आल्या आल्या बॅगेतून चटणीची, पापडाची आणि सांडग्यांची पुडकी काढून टेबलभर मांडणारी. माझ्या काठीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. वडील शाळेत क्लार्क होते, निवृत्त झालेले. कमी बोलायचे, सकाळी इंग्रजी पेपर बारकाईने वाचायचे आणि अडलेला शब्द मला विचारायचे. मी त्यांना काका-काकू म्हणायला लागले. काकू मला ‘पोरी’ म्हणायच्या. दोन-तीन दिवसांतच आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमून गेलो. तो कामाला गेल्यावर मी बसून चिरायचे, त्या उभ्या राहून फोडणी द्यायच्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही मटार सोलत होतो. काकू शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, “भाडं किती देतीस गं पोरी?”

मला आधी वाटलं घराबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, “काकू, हे घर विकत घेतलंय.”

“ते म्हाईत हाय. तू किती देतीस ते इचारतीय. पेइंग गेस्ट न्हवं का तू?”

काकूंनीच पुढे समजूत घातली, “आसू दे, आसू दे. नसशील देत. त्यानं सांगितलंय मला. तुझं काम सुटलंय, दुखनं लागलंय, म्हणून घेत न्हाई म्हनला. पुन्य हाय ते. ल्हानपनापास्नं तसाच हाय त्यो, रस्त्यावरचं कुत्रं बी उचलून आनायचा.”

मी मटार सोलले. सगळे सोलले. नंतर त्यांनी त्याची उसळ केली आणि मी ती जेवले. कोणीतरी विचारेल की तिथल्या तिथे का बोलले नाही. बोलायला तोंड लागतं, आणि माझं तोंड त्या क्षणी माझं नव्हतं. त्या घरात माझ्या मालकीचं काय होतं याचा मी तेव्हा हिशेब करत होते आणि काठीच्या पुढे जात नव्हते.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला दूध आणायला जायचं निमित्त करून गाडीत बसवलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये विचारलं. तो गडबडला, पण नाकारलं नाही हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

“अगं, त्यांना हळूहळू सांगणार होतो. आईचं बीपी आहे.”

“पेइंग गेस्ट?”

“म्हणजे काय सांगणार होतो? एका मुलीबरोबर राहतो म्हणून?”

“आणि माझं भाडं माफ केलंस?”

यावर तो चिडला. “तू प्रत्येक गोष्टीचा इश्यू करतेस. मतलब, राहतेच आहेस ना? मी काही कमी केलंय का तुला?”

मग ते निघालं. आईने कोल्हापूरकडच्या दोन मुलींच्या पत्रिका आणल्या होत्या. तो म्हणाला, बघायला काय जातंय, त्यांचं मन राखायला. मी विचारलं, नाही म्हणालास का? तो म्हणाला, नाही म्हणायची वेळ आलेली नाही अजून.

मी खूप वर्षांत कोणावर ओरडले नव्हते. त्या गाडीत ओरडले. समोर एक बाई ट्रॉली ढकलत होती, तिने वळून बघितलं. माझं म्हणणं साधं होतं, आणि आजही तेच आहे. सरकारला सांगायचं होतं तेव्हा तो म्हणाला खरं ते सांग, कारण त्या खऱ्याची किंमत माझ्या खिशातून जाणार होती. आईला सांगायचं होतं तेव्हा खऱ्याची किंमत त्याला पडणार होती, तर तिथे मी पेइंग गेस्ट. सरकारदरबारी बायको, घरात भाडेकरू, आणि तीही फुकटात राहणारी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. मला कापताना कळलंही नाही, मीच मान पुढे केली होती.

तो सगळं ऐकून म्हणाला, “दूध घ्यायचंय ना? की जाऊ या?”

आम्ही दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी अलाउन्सच्या ऑफिसला फोन करून कळवलं की आमचं नातं संपलं आहे, अलाउन्स परत सुरू करा. तो सुरू झाला आणि आता मी पुन्हा लिमरिकला एका खोलीत राहते, हे आधीच सांगून टाकते. माझी गोष्ट त्याबद्दल नाही.

नातं संपलं म्हणून सांगणं सोपं, पण राहायला दुसरी जागा कुठे होती? या देशात भाड्याची खोली मिळवायला हल्ली देव पाण्यात घालून बसावं लागतं. म्हणून मी त्याच घरात, त्याच छोट्या खोलीत होते. एका घरात राहून आम्ही जोडपं नाही हे सरकारला पटवायचं, तर चौकशी व्हायची. एक इन्स्पेक्टर घरी येणार होत्या. मी त्याला तसं सांगितलं. तो घाबरला. सरकारला नाही, वडिलांना.

“बाबांना इंग्लिश कळतं,” तो म्हणाला. “ती येईल तेव्हा मी दोघांना बाहेर पाठवतो.”

पण काकू ऐकेनात. घरी पाहुणी बाई येणार आणि तिला चहासुद्धा न देता आपण बाहेर जायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. कोण आहे ती? सरकारी बाई, तो म्हणाला, भाडेकरूंची चौकशी करायला येते. मग तर चहा पाहिजेच, काकू म्हणाल्या. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली.

इन्स्पेक्टर बाई पन्नाशीच्या, पावसाळी जाकीट घातलेल्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी माझी खोली पाहिली. एकेरी पलंग, औषधांचे डबे, दोरीवर माझा टॉवेल. माझ्या ब्रेडचं वेगळं पाकीटही तिथेच होतं, कारण मी त्या आठवड्यांत त्यांच्याबरोबर जेवत नव्हते. मग त्या खाली आल्या, सोफ्यावर बसल्या. समोर काका पेपर घेऊन, बाजूला काकू ट्रे घेऊन, आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा. इन्स्पेक्टर बाई मला म्हणाल्या, हवं तर आपण दोघी वेगळं बोलू. मी म्हटलं, नको, इथेच बरं आहे. हे मी मुद्दाम केलं. गेले पंधरा दिवस मी मुद्दाम काहीच केलं नव्हतं.

त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही आता जोडपं आहात का?

“नो, नो,” तो म्हणाला. उत्तर एवढं पटकन आलं की त्याचं त्यालाच जाणवलं असावं.

“पण होता?”

तो वडिलांकडे बघत म्हणाला, “ती इथे राहत होती.”

“तुम्ही जोडीदार म्हणून लिहून दिलं होतं,” बाई म्हणाल्या. आवाज अजूनही मऊच होता. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मी इंग्रजीत सांगितलं, सावकाश, काकांना प्रत्येक शब्द कळेल असं. की मी या माणसाबरोबर दीड वर्ष बायकोसारखी राहिले. त्या वरच्या मोठ्या खोलीत. त्यासाठी माझे पैसे सोडले, पास सोडला. आणि त्याने आपल्या आईवडिलांना मी भाडेकरू आहे म्हणून सांगितलं, त्या दिवशी ते संपलं.

काकांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. त्यांना कळलं होतं. रोज सकाळी ज्यांना मी शब्दांचे अर्थ सांगत होते त्यांना आज एकही शब्द अडला नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते उठले आणि मागच्या अंगणात निघून गेले, झाडांना पाणी घालायला. सकाळीच पाऊस पडून गेला होता.

“काय म्हनतीय ती?” काकूंनी त्याला विचारलं.

“काही नाही गं. भाड्याचं चाललंय.”

आता मला कसली घाई नव्हती. मी काकूंकडे वळले आणि मराठीत म्हटलं, “काकू, मी भाडेकरू नव्हते. तुमच्या मुलाबरोबर राहत होते. लग्न करणार होतो आम्ही.”

तो दारातून म्हणाला, “आई, तू आत जा.” त्या गेल्या नाहीत. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गरम होता, चहाच्या भांड्यामुळे. मला क्षणभर वाटलं आता त्या मुलाला झापतील, आता रडतील, माझी बाजू घेतील. मटार सोलताना ज्या बाईला मी जीव लावला होता ती आता काहीतरी करेल.

“म्हाईत हाय मला,” त्या हळूच म्हणाल्या. “आल्या दिशीच कळलं. त्याची गंजिफ्राकं तुझ्या कपड्यांच्या घडीत व्हती. न कळायला काय झालं?” त्यांनी माझा हात थोपटला. “तू गुनाची हाईस पोरी. पन तुझं दुखनं आमाला न्हाई परवडायचं.”

इन्स्पेक्टर बाई आमच्या दोघींकडे बघत होत्या. “काय म्हणताहेत त्या?” त्यांनी मला विचारलं. त्यांना ते नोंदीसाठी हवं असावं, घरातल्यांचं म्हणणं.

या सगळ्या प्रकरणात तोपर्यंत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते.

“विचारतायत, चहा अजून देऊ का,” मी म्हटलं.

“नो, नो, आय’म ग्रँड,” त्या म्हणाल्या आणि काकूंकडे बघून छान हसल्या. काकूही हसल्या.